चौघांचा एक प्लॅन

महिना अजून निम्म्यावरही आला नव्हता आणि चावीकाकांच्या मोबाइलवर मेसेज येऊन थडकला: तुमच्या कुटुंबाचा ऐंशी टक्के डेटा संपला आहे. काका जेवायला बसले होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, मेसेज दोनदा वाचला आणि हातातला घास ताटात ठेवून विचारलं, "कोण पितंय एवढा डेटा?"

हा प्रश्न ज्यांच्या घरात कधीच आला नाही त्यांनी खुशाल हात वर करावा. पूर्वी घरात साखर कोण संपवतं याची चौकशी होई, हल्ली डेटा कोण संपवतं याची होते. चौकशी तीच, आणि आरोपीही बहुधा तेच.

चावीकाका पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडायचे. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकायची, पहाटे घराबाहेर पडायचं, रस्त्यातल्या खड्ड्यांची झाकणं उचलायची आणि एकेका भागाचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. वाटणी हा त्यांचा धंदाच असल्यामुळे वाटणीतलं आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

वर्षभरापूर्वी मोबाइलच्या दुकानदारानं त्यांना फॅमिली प्लॅन समजावून सांगितला, तेव्हा काका जागच्या जागी खूश झाले होते. एक टाकी, चार नळ! मुख्य नंबर काकांचा. बाकी तीन जोडण्या काकूंची, लेकीची आणि सूनबाईची. कॉल सगळ्यांना अमर्याद. डेटा मात्र एकाच साठ्यातला आणि त्याची चावी काकांच्या फोनात. घरात वायफाय नव्हतं, कारण एका घरात दोन टाक्या कशाला, हाही काकांचाच सवाल होता.

"बाबा, मी पहिल्यापासून सांगतेय, वेगवेगळे प्लॅन घेऊ," लेक म्हणाली. ती कॉलेजात होती आणि शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आपला वरखर्च भागवत होती. "ज्याचं त्यानं बघावं."

"आज प्लॅन वेगळे, उद्या चुली वेगळ्या!"

"फोन म्हणजे चूल नव्हे, बाबा."

"घर एक, प्लॅन एक. विषय संपला."

काकू पोळ्या वाढत राहिल्या. त्यांचा फोन सदा फ्रिजवर पडलेला असे आणि वाजला तरच उचलला जाई. सूनबाई मात्र जेवता जेवता सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती ओठ वाचायची, हातांनी बोलायची आणि फारच अडलं तर फ्रिजला टांगलेल्या पाटीवर लिहायची. त्यामुळे 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण या घरात अगदीच निरुपयोगी ठरली होती. सुनेला काही सुनवायचं असेल तर तिच्या तोंडासमोर जाऊनच सुनवावं लागे, आणि तोंडासमोर गेलं की निम्मं बोलणं गिळलं जाई.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायची. काकांचा मुलगा तिथे चष्मा करायला गेला आणि बायको ठरवूनच परत आला. तो होता वेल्डर, लांबच्या एका पुलाच्या कामावर, दोन-चार महिन्यांनी कधीतरी घरी यायचा. तिची भाषा तो लग्नाआधीच शिकला होता. लेकही बरीचशी शिकली. काकूंचं कामापुरतं भागत होतं. काका मात्र सुनेशी बोलताना नुसता आवाज चढवायचे.

त्यांनी फोनात कोणी किती डेटा वापरला ते उघडून पाहिलं. सूनबाईचा आकडा बाकी तिघांच्या बेरजेहून मोठा होता.

काकांना नवल वाटलं नाही. रोज संध्याकाळी पाण्याच्या जगाला टेकवून ठेवलेला फोन आणि त्याच्यासमोर चाललेले सुनेचे हात ते बघतच होते. आधी नवरा, मग आई, मग कोणी मैत्रीण. बोलणं नाही, चालणं नाही, तासन्‌तास नुसते हातवारे, असं ते मनात म्हणायचे.

"पुढच्या महिन्यापासून चौघांना सारखा डेटा," त्यांनी जाहीर केलं. "आपापल्या वाट्याचा संपला की नळ बंद. मी स्वतःलाही थेंबभर जास्त घेणार नाही. लेक आणि सून या घरात एकाच मापात! आणि कॉल तर सगळ्यांनाच अमर्याद आहेत. बोला की पोटभर, कोण नको म्हणतंय?"

"अहो बाबा, पण वहिनी..."

"नियम म्हणजे नियम."

सूनबाईनं हे सगळं ओठांवरून वाचलं. ती उठली आणि आपलं ताट आत घेऊन गेली. काकांना त्या रात्री अगदी शांत झोप लागली. लेक आणि सुनेला एका पारड्यात तोलणारी माणसं जगात किती असतात, सांगा बरं!

नवा महिना लागला. पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी पडद्यावर नवऱ्याचा हात वर उचललेला होता तो तसाच राहिला. काहीतरी सांगत होता, ते अर्ध्यावर थिजलं. सूनबाईनं फोन बंद करून पुन्हा चालू केला, खिडकीशी जाऊन बघितलं, परत येऊन बसली. साधे मेसेज तेवढे जात होते, चित्र काही हलेना. लेकीनं आपल्या फोनावरून हॉटस्पॉट दिला, तर दोन-तीन दिवसांत तिचाही वाटा संपला.

"बघ, लाड केले की असं होतं," काका लेकीला म्हणाले.

सूनबाईनं तक्रार केली नाही. पाण्याच्या जगाला टेकवलेला फोन तेवढा दिसेनासा झाला. मग काही दिवसांनी फ्रिजवरच्या पाटीवर रोजचं एक वाक्य येऊ लागलं: आज काम आहे, उशीर होईल. दुकान चांगलं चाललेलं दिसतंय, असं म्हणून काकांनी समाधान मानलं. काकूंना मात्र ते पटत नव्हतं. दुकान काही उशिरापर्यंत उघडं राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सून घरात हल्ली हसतसुद्धा नाही, हेही त्या बघत होत्या.

एका सकाळी काका बाजारामागचा व्हॉल्व्ह बंद करत होते. समोरच्या घरातले एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून फाटकात आले. त्यांची तक्रार जुनीच होती.

"काय हो, टेकडीवरच्यांना पाणी जास्त वेळ आणि आम्हाला कमी? आम्ही काय पट्टी कमी भरतो?"

काकांनी चावी जमिनीवर टेकवली. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा दिलं होतं की ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

"साहेब, तुम्ही उतारावर. मी चावी फिरवली की तुमच्या नळाला धार लागते. त्यांच्या नळाला आधी नुसती हवा येते, पाणी चढायलाच वेळ लागतो. दोघांना सारखा वेळ दिला तर तुमची टाकी भरून वाहील आणि त्यांची बादली अर्धीच राहील. पाणी सारखं मिळायला हवं ना, मग वेळ कमी-जास्तच द्यावा लागतो!"

गृहस्थ पुटपुटत आत गेले. काका मिशीत हसले. आजही एकाला शहाणं केलं, या आनंदात त्यांनी झाकण लावलं आणि पुढच्या गल्लीला लागले.

त्याच दिवशी संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावर गळती असल्याचा निरोप आला. ती पाहून, चावी खांद्यावर टाकून परत येताना काका चष्म्याच्या दुकानासमोर आले आणि थबकले. दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. पायरीवर, रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात, सूनबाई बसली होती. फोन शटरच्या कडीला टेकवलेला आणि समोर तिचे हात भराभरा चाललेले. दुकानाचं वायफाय पायरीपर्यंत पोचत होतं आणि हात दिसायला उजेड हवा, म्हणून तिनं नेमकी दिव्याखालची जागा धरली होती.

जाणारे-येणारे वळून बघत होते. दोन टवाळ पोरं तिच्या मागे उभी राहून तिच्या हातांची नक्कल करू लागली. तिनं पडद्यात त्यांना बघितलं असावं. ती मागे वळली नाही, नुसती सरकून भिंतीच्या कडेला बसली आणि पुन्हा बोलू लागली. काकांनी चावी रस्त्यावर दाणकन आपटली, तशी पोरं पळाली. सूनबाईला अर्थातच तो आवाज ऐकू गेला नाही.

काका रस्ता ओलांडणार एवढ्यात तिनं एक खूण केली. दोन्ही मुठी एकीवर एक धरल्या आणि चावी फिरवल्यासारख्या फिरवल्या. थोड्या वेळानं पुन्हा तीच खूण. काकांच्या कानशिलावर शीर उडाली. अस्सं! रस्त्यात बसून नवऱ्याकडे माझ्या चहाड्या चालल्यात! ते तसेच मागे फिरले आणि तणतणत घरी आले.

"काम आहे म्हणे! रस्त्यात बसून माझ्या नकला चालल्यात तिच्या," त्यांनी चावी कोपऱ्यात उभी करत काकूंना सांगितलं. काकू काही विचारणार तोच मुलाचा फोन वाजला.

"बाबा, एक सांगायचं होतं," मुलगा म्हणाला. "ती रोज दुकानाबाहेर बसून माझ्याशी बोलते. आज मागे पोरं चाळे करत होती, मी बघितलं. इथे बसून मी काय करणार? घरून का बोलत नाहीस विचारलं, तर म्हणते घरी रेंज नसते."

काका गडबडले. सुनेनं नवऱ्याला प्लॅनचं काहीच सांगितलेलं नव्हतं! आता काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलून गेले, "अरे, मग ती घरी आली की कॉल लाव ना तिला! कॉलला काय, अमर्याद आहेत. तास-दोन तास बोला!"



"कॉल लावू, बाबा?" मुलगा हळूच म्हणाला. "कोणाला?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आलं. महिनाभर हेच तर ते म्हणत आले होते, कॉल आहेत की, बोला की! घरातल्या तिघांना बोलायला कॉल होते. चौथीचं बोलणं डेटावर चालत होतं, आणि त्यालाच त्यांनी कुलूप लावलं होतं.

"मेसेज करता येतात रे..." ते कसंबसं म्हणाले.

"करतो ना. पण लिहून भांडता येत नाही, बाबा. लिहून हसताही येत नाही. तिचा चेहरा बघितल्याशिवाय ती काय म्हणतेय तेच मला कळत नाही. तुम्हाला आईचा आवाज लागतो, तसं आहे ते."

"आणि ती माझ्याबद्दल काय सांगत होती? असं... चावी फिरवल्यासारखं करत होती."

"ते तुमचं नाव आहे! त्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं, बघून बघून ठेवलेलं. ती सांगत होती, बाबांचा गुडघा दुखतोय, टेकडी चढताना धरून चालतात, घरात कोणाला सांगत नाहीत. तू विचार, म्हणाली."

काकांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. गुडघा खरंच दुखत होता आणि ते खरंच कोणाला बोलले नव्हते. त्यांना फार लाज वाटली. काकूंनी जवळ उभं राहून सगळं ऐकलं होतं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," काकू म्हणाल्या. "रोज जेवताना टेकडीचं पुराण ऐकवता, मला तोंडपाठ झालंय. उतारावरच्याला धार लागते, टेकडीवरच्याला आधी हवा येते. मग घरात कुठे गेलं ते शहाणपण? माझा फोन फ्रिजवर लोळत असतो, माझ्या वाट्याचा डेटा दर महिन्याला फुकट जातो. ती टेकडीवर राहते, अहो! तिच्या नळाला तुम्ही नुसती हवा सोडलीत, आणि वर चौघांना सारखं दिलं म्हणून मिरवता!"

"मी भेदभाव करायचा नाही म्हणूनच..."

"सगळ्यांना एकाच मापाची चप्पल दिलीत, म्हणजे भेदभाव गेला का? ज्याला चावते त्याला विचारा!"

काकांनी मुकाट्यानं फोन उचलला. "काढतो. आत्ता काढतो कुलूप."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आज काढाल, उद्या रागावलात की परत लावाल. चावी तुमच्याच खिशात ना? आधी तिला विचारा, तिला काय हवंय. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही तिला काही विचारलंय कधी?"

काकांनी आठवून पाहिलं. सांगितलं बरंच होतं. विचारलं मात्र काहीच नव्हतं.

सूनबाई घरी आली तेव्हा तिघंही तिची वाट बघत बसले होते. ती दारातच थांबली.

"सूनबाई!" काका सवयीनं ओरडले.

"ओरडू नका, बाबा," लेक म्हणाली. "मोठा दिवा लावा, समोर बसा आणि सावकाश बोला. मिशीवर हात नको."

काकांनी मोठा दिवा लावला, खुर्ची ओढून सुनेसमोर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

सूनबाईनं आधी काकूंकडे बघितलं. आपण नीट वाचलं की नाही याची तिला शंका आली असावी. काकूंनी मान हलवली.

"तुला कसा प्लॅन हवा?" काकांनी विचारलं.

तिचे हात भराभरा बोलू लागले. लेकीनं सांगितलं, "वहिनी म्हणते, मला माझा वेगळा हवा. माझ्या नावावर, माझ्या पगारातून."

काकांच्या मनाला ते लागलंच. "म्हणजे आमच्यातून वेगळं व्हायचंय का तिला?"

सूनबाईनं प्रश्न वाचला. या वेळी तिनं लेकीकडे बघितलं नाही. उठून पाटी आणली, त्यावर लिहिलं आणि काकांच्या हातात दिली: बाबा, तुम्ही तुमचं तोंड दुसऱ्याच्या खिशात ठेवाल का?

काकांनी वाचलं. आधी ओशाळले, मग एकदम हसू फुटलं. "नाही ठेवणार! अजिबात नाही ठेवणार!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. सूनबाईनंही ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी ती त्या घरात हसली.

दुसऱ्याच दिवशी सगळे मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं सवयीनं काकांकडे तोंड करून सुरुवात केली, "यात बघा, कॉल एकदम अमर्याद..."

"मला काय सांगता? फोन तिचा आहे," काका म्हणाले. "तिच्याकडे बघून सावकाश बोला. तिला सगळं कळतं. कळायचं आमचंच राहिलं होतं."

सूनबाईनं तक्ता नीट वाचला, सगळ्यात जास्त डेटाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपलं ओळखपत्र स्वतः काउंटरवर ठेवलं. लेकीनंही शिकवणीच्या पैशांतून वेगळा प्लॅन घेतला. पहिल्याच महिन्यात तो वेळेआधी संपला, तेव्हा बोट दाखवायला कोणीच उरलं नव्हतं, म्हणून गप्प बसली. काका आणि काकू मात्र एकाच छोट्या प्लॅनमध्ये राहिले. दोघांना तेवढा पुरून उरत होता आणि दोघांनाही तो हवा होता. घराचे तीन प्लॅन झाले, चूल एकच राहिली.

काकांचं घर पाण्याच्या लाइनीच्या अगदी शेवटी होतं. व्हॉल्व्ह उघडला की शेवटच्या नळापर्यंत दाब पोचला का, हे बघायला ते रोज सकाळी घरी फोन लावायचे आणि काकू "आलं" किंवा "नाही आलं" एवढं सांगून ठेवून द्यायच्या. हल्ली ते सूनबाईला व्हिडिओ कॉल लावतात. फोन जवळच्या एखाद्या फाटकाच्या कठड्यावर टेकवतात, नीट उजेडात उभे राहतात आणि तिनं शिकवलेली पाण्याची खूण करतात. पहिल्या दिवशी ती खूण इतकी चुकली की सूनबाई पोट धरधरून हसली. मग तिनं फोन नळाकडे वळवला. बारीक धार होती. तिनं फोन परत आपल्याकडे वळवला, दोन्ही मुठी एकीवर एक ठेवून फिरवल्या आणि हात वर केला. काकांना पहिल्यांदाच कोणी न सांगता अर्थ कळला: बाबा, अजून थोडं. त्यांनी गुडघा सावरत वाकून चावी आणखी फिरवली.

तर मंडळी, घरातल्या सगळ्यांचा प्लॅन एकत्र घ्यावा की वेगवेगळा, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. एकत्र असणं वाईट नाही आणि वेगळं घेतलं म्हणून घर मोडत नाही. पण सगळ्यांना सारखं दिलं की न्याय झाला, या भ्रमात आपल्यापैकी कोणी राहू नये! कोणाचा नळ उतारावर आहे आणि कोणाचा टेकडीवर, हे वाटणाऱ्याला चावीच्या टोकावरून दिसत नाही. ते विचारावं लागतं. आणि ज्याला विचारायचं त्याला ऐकू येत नसेल, तर दिवा लावून त्याच्यासमोर बसावं. एवढं तर आपल्याला जमेल!